ध्येय ठरवण्याआधी ते खरंच आपलं आहे का, हे कसं तपासावं

वहीच्या पहिल्या पानावर ध्येयांची यादी लिहायला दहा मिनिटं पुरतात. महिन्याभरात ती यादी मागे पडते आणि बहुतेक जण त्याचा दोष स्वतःच्या आळसाला देतात. मला ते पटत नाही. सुटलेल्या ध्येयांपैकी बरीचशी मुळात आपली नसतातच. कुणाच्या तरी अपेक्षेतून, कुणाशी तरी तुलना करताना ती आपल्या यादीत शिरलेली असतात. म्हणून ध्येय कसं गाठायचं हे पाहण्याआधी ते कुठून आलं हे पाहायला हवं.

या कामात सकारात्मक मानसशास्त्राची चांगली मदत होते. मार्टिन सेलिग्मन १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. मानसशास्त्राने फक्त आजारांचा नव्हे, तर माणसाच्या गुणांचा आणि चांगल्या जगण्याचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास करावा, असा आग्रह त्यांनी तेव्हा धरला. ‘सतत आनंदी राहा’ असा उपदेश करणारी ही शाखा नाही. कशामुळे जगणं भरीव वाटतं, हे ती प्रयोगांतून तपासते.

१. आधी चित्र लिहा, यादी नंतर

लॉरा किंग यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही जणांना एक साधं काम दिलं होतं. आयुष्यात सगळं मनासारखं झालं आणि त्यासाठी आपण मनापासून मेहनतही घेतली, असं समजून आपल्या भविष्याबद्दल रोज वीस मिनिटं लिहायचं, सलग चार दिवस. असं लिहिणाऱ्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली.

तुम्हीही हे करून बघा. फक्त ‘मी यशस्वी असेन’ अशी वाक्यं टाळा, त्यांतून काही हाती लागत नाही. पाच वर्षांनंतरचा एखादा साधा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं? दुपारी कोणाबरोबर आहात? संध्याकाळी दमला असाल तर कशामुळे? चौथ्या दिवशी सगळं लिखाण पुन्हा वाचा आणि त्यातल्या क्रियापदांखाली रेघा मारा. शिकवतो, दुरुस्त करते, फिरतो, वाचून दाखवते. पद, पगार, घर यांपेक्षा ही क्रियापदं जास्त खरं बोलतात, असं माझं मत आहे. दिवसभर काय करत राहायला आवडेल, ते त्यांतून कळतं.

२. ‘हे मला का हवंय?’ याचं खरं उत्तर शोधा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, तेव्हा इथे घाई नको. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली. ध्येयामागची कारणं साधारण चार प्रकारची असतात: कुणाला तरी ते हवंय किंवा त्यातून काही मिळणार आहे, केलं नाही तर लाज किंवा अपराधी वाटेल, मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं, आणि ते करण्यातच मला आनंद आहे. शेवटच्या दोन कारणांवर उभ्या असलेल्या ध्येयांसाठी माणसं जास्त काळ कष्ट घेतात, त्यामुळे ती गाठलीही जास्त जातात. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. असं ध्येय गाठल्यावर मिळणारं समाधानही जास्त असतं. पहिल्या दोन कारणांचं ध्येय पूर्ण झालं, तरी ‘बरं, झालं एकदाचं’ यापलीकडे मनात फारसं काही उमटत नाही.

समजा, यादीत ‘व्यवस्थापनाची पदवी घ्यायची’ असं लिहिलंय. का? बढती मिळेल म्हणून. बढती का हवी? बरोबरचे सगळे पुढे गेले. ते गेले नसते तर? इथे पेन थांबतं. थोड्या वेळाने उत्तर येतं, ‘तरीही नव्या लोकांना काम शिकवायची जबाबदारी मला हवीच होती.’ आता धागा सापडला. ही जबाबदारी पदवीशिवाय, कदाचित पुढच्याच महिन्यात मागता येईल. पदवी घ्यायची की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल आणि तो निर्णय जास्त शांतपणे होईल.

बाहेरून आलेलं प्रत्येक ध्येय टाकून द्या, असं मी म्हणत नाही. कर्ज फेडायचं असतं, परीक्षा द्यावीच लागते. पण वर्षभराची सगळी ध्येयं ‘करावं लागतंय’ याच खात्यात असतील, तर निदान एक तरी दुसऱ्या खात्यातलं घ्या.

३. काय टाळायचं ते नको, काय करायचं ते लिहा

‘मुलांवर चिडायचं नाही’ हे ध्येय पाळताना दिवसभर स्वतःवर पहारा ठेवावा लागतो. शिवाय ते जमलं हे कळणार कधी? ‘संध्याकाळी घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून मुलांशी बोलेन’ हे करता येतं आणि झालं की कळतं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातूनही हेच दिसलं की ‘जमेल तितकं करीन’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय कामाला जास्त गती देतं. मात्र विषय अगदी नवा आणि गुंतागुंतीचा असेल, तर सुरुवातीला निकालाचं ध्येय ठेवू नका, शिकण्याचं ठेवा. ‘स्पर्धा जिंकायची’ यापेक्षा ‘चुका ओळखण्याच्या तीन पद्धती शिकायच्या’ हे तेव्हा जास्त उपयोगी पडतं.

४. वाट आपल्या गुणांतून काढा

क्रिस्टोफर पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये माणसाच्या २४ गुणांची यादी मांडली. कुतूहल, चिकाटी, दयाळूपणा, विनोदबुद्धी, कृतज्ञता असे गुण त्यात आहेत. आपले चार-पाच ठळक गुण कोणते, हे जवळच्या माणसाला विचारा. आपल्याला सहज जमतं ते आपल्या नजरेतून सुटतं. मग तेच ध्येय त्या गुणांच्या वाटेने न्या. रोज चालायचं आहे? कुतूहल असलेल्याने दर वेळी नवा रस्ता घ्यावा, माणसांत रमणाऱ्याने सोबती शोधावा.

५. अडथळा आधीच लिहून ठेवा

नुसती गोड स्वप्नं रंगवल्याने प्रयत्नांचा जोर कमी होऊ शकतो, हे गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनात दिसलं. स्वप्नाशेजारी आपल्या आतला अडथळाही मांडायचा, हा त्यांचा उपाय. त्याला पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना जोडा: ‘जर जेवणानंतर कंटाळा आला, तर मी फक्त वही उघडून एक ओळ लिहीन.’ ठिकाण, वेळ आणि कृती तिन्ही नेमकी हवीत. आशेवर संशोधन करणारे सी. आर. स्नायडर इच्छाशक्तीइतकाच भर पर्यायी मार्गांवर देत, म्हणून दुसरी वाटही आताच लिहून ठेवा.

६. अधूनमधून तपासा, गरज पडली तर सोडा

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांतला फरक मोठा होता, १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा, आधीच्या दिवसाचा हिशेब चुकता करायला जाऊ नका.

महिन्यातून एकदा ध्येय समोर ठेवून दुसऱ्या पायरीतला ‘का’ पुन्हा विचारा. उत्तर बदललं असेल तर ध्येयही बदला. जे आता शक्यच नाही, ते सोडून नव्या अर्थपूर्ण गोष्टीला हात घालणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य जास्त चांगलं असल्याचं कार्स्टन व्रॉश यांच्या अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे ध्येय सोडलं तर त्याला हार समजू नका.

आणि कित्येक आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ध्येयांची वही बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.