व्हेनिसला पहिल्यांदाच जाताय? या चुका टाळा

पहिली चूक स्टेशनवरच होते. ‘वेनेत्झिया मेस्त्रे’ हे स्टेशन मुख्य भूमीवर आहे. कालव्याच्या काठावरचं स्टेशन म्हणजे ‘वेनेत्झिया सांता लुचिया’. फलकावर ‘वेनेत्झिया’ दिसलं म्हणून घाईने मेस्त्रेला उतरलात, तर मागून येणारी गाडी पकडून दहा-बारा मिनिटांत पुढे जाता येतं. या गाडीचं तिकीट कागदी असेल, तर चढण्याआधी ते स्टेशनवरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसला की दंड.

सगळ्यात जास्त दमवतं ते सामान. शहरात गाड्या नाहीत, आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. २३ किलोची बॅग चार पुलांवरून चढवली-उतरवली की फिरायचा उत्साहच संपतो. त्यामुळे हॉटेल ठरवताना फक्त भाडं बघू नका; सर्वांत जवळचा वापोरेत्तोचा (म्हणजे पाण्यावरच्या बसचा) थांबा कोणता आणि तिथून वाटेत पूल किती, हे हॉटेलला आधीच विचारा. पत्त्याच्या भरवशावरही राहू नका. इथले घरक्रमांक गल्लीनुसार नसून अख्ख्या विभागाचे सलग असतात, म्हणून ‘कास्तेल्लो’ (एका विभागाचं नाव) आणि पुढे चार आकडे एवढ्यावर घर सापडणं कठीण. अरुंद गल्ल्यांत मोबाइलचा नकाशाही भरकटतो. तेव्हा भिंतींवरच्या ‘रिआल्तो’ (प्रसिद्ध पूल), ‘सान मार्को’ (मुख्य चौक), ‘फेर्रोविया’ (रेल्वे स्टेशन) या पाट्या बघत चला.

वापोरेत्तोचं साधं तिकीट ९.५० युरोचं, ७५ मिनिटं चालणारं. नुसतं विकत घेऊन भागत नाही, धक्क्यावरच्या यंत्राला टेकवावंही लागतं. दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तर २५ युरोंचा २४ तासांचा पास परवडतो. तो विमानतळावरून येणाऱ्या ‘अलीलागुना’ बोटीत मात्र चालत नाही; ती कंपनीच वेगळी.

गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, तोही अख्ख्या नावेचा. माणशी ९० समजून बेत रद्द करू नका; पाच जणांत वाटला तर माणशी १८ पडतात.

सान मार्कोच्या बासिलिकात (म्हणजे मोठ्या चर्चमध्ये) खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी सॅक आत नेता येत नाही. बाहेरच्या चौकातल्या कॅफेत वाद्यवृंद वाजत असेल, तर खुर्चीवर बसताच बिलात संगीताचा वेगळा आकार लागतो. मेनूवर तो छापलेला असतो, आधी वाचा. पैसे वाचवायला चौकातल्या पायऱ्यांवर डबा उघडू नका, त्यालाही दंड आहे.