किलो नको, मिनिटं ठरवा
‘तीन महिन्यांत दहा किलो वजन कमी’ असं ध्येय ठेवू नका. पाणी, मीठ, झोप यांनीही वजन रोज खाली-वर होतं आणि मन उगाच खट्टू होतं. त्याऐवजी व्यायाम किती मिनिटं करायचा ते ठरवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. शिवाय दोन दिवस स्नायूंचे व्यायाम.

आणि पावसाळ्याची सोय आधीच करून ठेवा! अनेकांचं चालणं जूनमध्येच सुटतं. पाऊस असेल त्या दिवशी घरात सूर्यनमस्कार घाला. जमतील तेवढे, पण त्याच वेळेला. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करू नका, नेहमीएवढाच करा.