दात काढलाय आणि आता नवीन बसवायचाय? मग या चुका टाळा

दाढ काढली, दुखणं थांबलं, विषय संपला. बहुतेकांचं इथेच चुकतं. मागची दाढ आहे, हसताना कुठे दिसते, चावायला दुसरी बाजू आहेच, बघू नंतर, असं म्हणत वर्षं निघून जातात आणि दुखत काहीच नसल्यामुळे आत काय चाललंय ते कळतही नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलायला लागतात, समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकायला काही उरत नाही म्हणून ती हळूहळू त्या गॅपमध्ये उतरते, आणि जिथला दात गेला तिथलं हाड झिजत जातं. हाडाचं प्रकरण सगळ्यात फास्ट. पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातलाही बराचसा भाग पहिल्या 3 महिन्यांतच जातो. मग सावकाश कधीतरी इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर खोटा दात, करायला गेलात की डॉक्टर सांगतात हाड कमी पडतंय, आधी बोन ग्राफ्ट करू, म्हणजे हाडाची भर घालू, म्हणजे खर्चही वाढला आणि महिनेही. त्यामुळे दात काढायच्या आधीच विचारून घ्या की इथे पुढे काय बसवायचं, आणि हाड टिकावं म्हणून काढतानाच त्या खड्ड्यात ग्राफ्ट भरायची गरज आहे का.

याच्या उलट टोकाची माणसंपण असतात, एक गॅप दिसली की भरायलाच पाहिजे. तसं काही नाही हो. अक्कलदाढ गेली तर तिच्या जागी कोणी काही बसवत नाही. सगळ्यात मागची दाढ गेली असेल आणि बाकीचे दात नीट एकमेकांवर बसत असतील तर कधीकधी काही न बसवता नुसतं लक्ष ठेवणं हासुद्धा ऑप्शन असतो, साधारण 20 चांगले दात असले तर बऱ्याच लोकांचं चावणं व्यवस्थित चालतं.

इम्प्लांट चांगलं का ब्रिज?

हा प्रश्न लोक मोबाइलचं मॉडेल निवडल्यासारखा विचारतात, पण उत्तर तुमच्या शेजारच्या दातांमध्ये असतं. ब्रिज म्हणजे दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅप बसवायच्या आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला. आता शेजारचे दात अगदी धडधाकट असतील, एक फिलिंगपण नसेल, तर एका दातासाठी दोन चांगले दात कायमचे घासणं मला तरी पटत नाही. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. पण त्याच दोन दातांचं आधीच रूट कॅनाल झालंय, मोठी फिलिंग आहेत, कॅप तशीही लागणारच आहे, तर मग ब्रिज एकदम शहाणपणाचा निर्णय. पुढचा एखादाच दात गेला असेल तर मागून चिकटवायचा मेरिलँड ब्रिजपण असतो, त्यात घासणं फार कमी किंवा अजिबात नाही, त्याबद्दल मुद्दाम विचारा कारण तो ऑप्शन आपणहून सांगितला जाईलच असं नाही.

ब्रिज बसला की लोक म्हणतात, फिक्स झालं, आता बघायला नको. आणि हीच ब्रिज खराब होण्यामागची मोठी चूक. खोट्या दाताच्या खाली हिरडीवर एक बारीक फट असते, तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. सुपरफ्लॉस नावाचा दोरा मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं, ते सुईसारखं त्या फटीतून घालायचं आणि मधला जाडसर भाग मागेपुढे ओढायचा. पहिल्यांदा केलंत की दोऱ्यावर जे पिवळं काहीतरी येईल त्याचा वास घेऊन बघा, रोज करायची सवय आपोआप लागेल. ब्रिज सगळ्या बाजूंनी घट्ट वाटत असतानासुद्धा एका कॅपखालचं सिमेंट सुटलेलं असू शकतं, मग आत लाळ शिरते आणि घासलेला दात आतून किडतो. चावताना दाबल्यासारखं वाटून बुडबुडा आल्यासारखं झालं, किंवा अचानक घाण चव यायला लागली, तर पूर्ण निघेपर्यंत वाट बघू नका.

इम्प्लांटबद्दलचे गोड गैरसमज

इम्प्लांट कधीच खराब होत नाही हा पहिला. टायटॅनियमला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला इन्फेक्शन होतं. सिगारेट चालू असेल, शुगर कंट्रोलमध्ये नसेल किंवा हिरड्यांचा जुना आजार तसाच सोडला असेल तर ही शक्यता वाढते. नीट सांभाळलं तर मात्र हे भरपूर टिकतं, 1965 मध्ये स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या डॉक्टरांनी पहिल्या पेशंटला जे बसवले ते 40 वर्षांच्या वर चालले. दुसरी गोष्ट घाई. स्क्रू हाडात धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात, काही केसमध्ये लगेच दात लावता येतो पण तो लुटुपुटीचा तात्पुरता दात असतो, त्याने कडक काही चावायचं नसतं. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधं, विशेषतः इंजेक्शनं, घेत असाल तर दात काढायच्याही आधी डेंटिस्टला सांगा, त्यात जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, पण म्हणून औषध मनानेच बंद करायचं नाही. वाढत्या वयातल्या मुलांनाही इम्प्लांट सहसा करत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट आहे तिथेच राहतं.

इम्प्लांटचा दात हलायला लागला की सगळ्यांचा धीर सुटतो. पण बऱ्याचदा वरची कॅप धरणारा छोटा स्क्रू सैल झालेला असतो, तो घट्ट करता येतो. फक्त तसंच चावत राहिलात तर तो स्क्रू तुटतो आणि मग काढताना कसरत. कंपनीचं नाव आणि साइज लिहिलेलं कार्ड मागून घेऊन जपून ठेवा, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर त्याच कंपनीचे पार्ट लागतात.

कवळी, आणि घरगुती रिपेअरिंग

सगळ्यात जास्त उद्योग इथे चालतात. कवळी टोचते म्हणून कानशीने घासणं, तुटली म्हणून फेविक्विक लावणं, स्वच्छ व्हावी म्हणून उकळत्या पाण्यात टाकणं. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, वाकडं होतं आणि मग ती कवळी परत पहिल्यासारखी बसत नाही. टूथपेस्टनेही तिच्यावर बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी बसते, त्यामुळे सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल ठेवा, कारण साबण लागलेली कवळी हातातून सटकतेच. रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना मोकळं सोडा, नाहीतर टाळू लालभडक होते आणि दुखत नसल्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही.

टोचणारी कवळी काढून ठेवून, चार दिवस आराम करून, मग डॉक्टरकडे जायचं ही आणखी एक कॉमन चूक. तोपर्यंत जखम भरते आणि नेमकं कुठे लागतंय ते त्यांना दिसतच नाही. जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ घाला, लाल डाग दिसू दे, तेवढाच भाग घासून देतात.

नवीन कवळीत पहिले काही आठवडे लाळ जास्त सुटते, स आणि श बोबडे येतात, ते नॉर्मल आहे, मोठ्याने वाचत बसा. छोटे घास घेऊन दोन्ही बाजूंनी एकदम चावा, पुढच्या दातांनी तोडायला गेलात की मागून उचकटते. खालची कवळी वरच्यापेक्षा जास्त हलणारच, कारण तिला धरायला जागा कमी आणि मध्ये जीभ सतत ढकलत असते, त्यात डॉक्टरचा दोष असेलच असं नाही. फारच हलत असेल तर खाली 2 इम्प्लांट टाकून त्यांच्यावर कवळी क्लिक करून बसवता येते, आणि पूर्ण खालच्या कवळीवाल्यांसाठी मला हा ऑप्शन सगळ्यात कामाचा वाटतो. जुनी कवळी सैल झाली तर रोज जास्त जास्त चिकटवायची क्रीम लावत बसू नका, हाड झिजलंय म्हणून ती सैल झालीये, आतून रिलाइन करून घ्या, म्हणजे आतल्या बाजूला नवीन थर देऊन ती परत नीट बसती करून घ्या. झिंक असलेली क्रीम वर्षानुवर्षं अति वापरून हातापायांच्या नसांवर परिणाम झालेले पेशंट आहेत.

आणि ब्रिज किंवा कॅप निघून हातात आली तर ती टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, कचऱ्यात जाते. डबीत ठेवा, गमने चिकटवू नका, झोपताना तर अजिबात तोंडात ठेवू नका, आणि एक-दोन दिवसांत घेऊन जा, दात आतून चांगला असेल तर तीच परत बसवून मिळते.