डब्यातलं इंजिन ऑइल किती वर्षं टिकतं?

सील न तुटलेला डबा सावलीत, कोरड्या जागी ठेवला असेल, तर ऑइल साधारण ५ वर्षं चालतं. काही कंपन्या यापेक्षा कमी मुदत देतात, तेव्हा त्यांची सूचना आधी पाहा. डब्यावर बॅच नंबरपाशी उत्पादनाची तारीख छापलेली असते. मुदत तिथून मोजायची, खरेदीच्या दिवसापासून नाही.

मूळ तेल सहसा लवकर बिघडत नाही. बिघडतात किंवा तळाशी बसतात ते त्यात मिसळलेले अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे तेलाचे गुण वाढवणारी रसायनं. पण खरा शत्रू पाणी. दिवसा डबा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झाला की दमट हवा आत ओढली जाते. अर्धा रिकामा डबा म्हणूनच भरलेल्यापेक्षा लवकर खराब होतो. २०० लिटरचा ड्रम उघड्यावर उभा ठेवला, तर वर साचलेलं पावसाचं पाणी बुचाच्या आट्यांतून आत शिरतं. तो आडवा ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येऊ द्या, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात.

उघडलेल्या डब्याचं झाकण लगेच घट्ट लावा, मार्करने तारीख लिहा आणि वर्षभरात संपवा. पाण्याच्या बाटलीत ऑइल भरू नका. आत थेंब राहिलेले असतात, आणि कुणी चुकून प्यायलं तर भलतंच.

जुनं ऑइल वापरण्याआधी डबा न हलवता थोडं ऑइल काचेच्या ग्लासात घ्या आणि उजेडासमोर धरा. दुधाळ दिसलं तर पाणी आहे, टाकून द्या. स्वच्छ असेल तर डबा मिनिटभर जोरात हलवा, पुन्हा ग्लासात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ किंवा जेलीसारख्या गुठळ्या दिसल्या, तर तेही इंजिनात नको. पाणी उकळून काढायचं खूळ डोक्यात घेऊ नका. तोवर काही अ‍ॅडिटिव्हची वाट लागलेली असते.

ऑइल ठणठणीत, पण ग्रेड कालबाह्य, असंही होतं. एपीआय ही अमेरिकन पेट्रोलियम संस्था ऑइलच्या दर्जाचे ग्रेड ठरवते. पेट्रोल इंजिनासाठी तिचा एसएन ग्रेड २०१० साली आला, त्यापुढचा एसपी २०२० साली. मॅन्युअल एसपी मागत असेल तर कपाटातलं एसएन चालणार नाही. उलट मात्र बहुधा चालतं, फक्त चिकटपणा, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरे, मॅन्युअलप्रमाणे हवा. मोटरसायकलचं गणित वेगळं: क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघा, नाहीतर क्लच घसरू शकतो.

इंजिनात ओतलेल्या ऑइलला ही ५ वर्षं लागू नाहीत. गाडी नुसती उभी असली तरी त्यात पेट्रोलचे अंश, ओलावा आणि आम्ल असतंच. किलोमीटर कमी झाले तरी, मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर, वर्षाला एकदा बदला. काढलेलं ऑइल गटारात न ओतता, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.