सर्व्हिसिंगचं बिल काउंटरवरच ठरतं

मी सहा वर्षं नाशिकमध्ये एका कार डीलरकडे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. रोज सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी मीटिंग व्हायची आणि प्रत्येकाला आकडा मिळायचा: दर जॉब कार्डामागे, म्हणजे प्रत्येक गाडीच्या कामांच्या कागदामागे, सरासरी इतक्या रुपयांची ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड’ (म्हणजे ठरलेल्या सर्व्हिसवरची जादा) कामं लागलीच पाहिजेत. त्या वेळी एकही गाडी गेटातून आत आलेली नसायची. समोर बसलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसायचं आणि मीही सांगत नसे. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून हे लिहितोय.

मे महिन्यात आत्याने एस्टिमेटचा फोटो पाठवला. तिची पेट्रोल सेलेरिओ, चार वर्षांची, वर्षभरात चाललेली जेमतेम ३,८०० किलोमीटर. एस्टिमेट ११,३३७ रुपयांचं. “अरे, सही करू का? ते म्हणताहेत, सगळं करावंच लागतं.” म्हटलं, “सही करू नकोस, मी येतो.”

सही झाली की जॉब कार्ड वर्कशॉपमध्ये जातं आणि संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना घासाघीस करून फार तर दोनतीनशे रुपये सुटतात. खरा निर्णय सकाळच्या त्या दहा मिनिटांत होतो. त्यामुळे काउंटरवर जाताना डॅशबोर्डच्या कप्प्यातलं ओनर्स मॅन्युअल हातात घेऊन जा. त्यात मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. त्या पानावर बोट ठेवून विचारा, “यातलं या वेळी काय आहे?” मी काउंटरवर असताना हा प्रश्न विचारणारी माणसं फार थोडी भेटली, पण ज्यांनी विचारला त्यांना मी कधीही फालतू काम लावलं नाही.

आत्याच्या कागदावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर मिळून १,७२० रुपये होते, आणि लेबर करासकट १,९४७. हे ठेवलं. गाडी कमी चालली तरी वर्ष झालं की ऑइल बदलायचंच. उलट दोनतीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल साचत जातं. ब्रेक क्लीनिंगचे ५९० ठेवले. केबिन फिल्टर काढून पाहिला तर धुळीने काळा झालेला, त्याचे ३९०. वायपरचं रबर कडक झालं होतं आणि पावसाळा तोंडावर होता, म्हणून ६२० तेही राहिले.

मग कापाकापी. एअर फिल्टर ३१० रुपये: इतक्या कमी धावेवर हवा मारून साफ केला की पुरतो, आणि ते लेबरमध्येच येतं. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,०५०: गाडी एका बाजूला ओढत नव्हती, स्टिअरिंग थरथरत नव्हतं, टायर सगळीकडे सारखे झिजलेले. एसी डिसइन्फेक्शन १,१८०: एसी लावला की कुबट वास येतो का, असं आत्याला विचारलं. नाही म्हणाली. इंटिरिअर क्लीनिंग १,४५०, इंजिन ड्रेसिंग ४३०. ड्रेसिंग म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर चकाकी आणणारा फवारा, त्याने इंजिनाचं काहीही भलं होत नाही.

राहिलं थ्रॉटल क्लीनिंग आणि डीकार्ब, म्हणजे इंजिनात हवा जाते तो मार्ग साफ करणं आणि आत साचलेला कार्बन काढणं, १,६५० रुपये. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भीती घालून सगळ्यात जास्त विकलं जाणारं काम हेच. “कार्बन साचलाय, ॲव्हरेज कमी होईल” हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललोय. आत्याच्या गाडीसारख्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे व्हॉल्व्हवर कार्बन खरंच साचतो आणि पुढेमागे सफाई लागते. पण तीही लक्षणं पाहून: सिग्नलला इंजिन अडखळतं का, पिकअप पडलाय का. असं काही नसेल तर नाही म्हणा.

आत्याचं बिल शेवटी ५,२६७ रुपये झालं. गाडीला लागणारं एकही काम सुटलं नाही.

मात्र हात आखडू नये अशाही गोष्टी आहेत. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि सप्तशृंगीसारख्या घाटात उतरताना ब्रेक पेडल मऊ पडू शकतं. किलोमीटर कमी झाले असले तरी ते काळावर बदलायचं असतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचंही तसंच. मॅन्युअलमधली मुदत पाळा. किनारपट्टीवर राहत असाल तर गाडीखालच्या अँटी-रस्ट कोटिंगला अर्थ आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा खातो.

‘फ्री सर्व्हिस’ या शब्दावरून काउंटरवर वाद होतात. फुकट असतं ते लेबर. ऑइल, फिल्टर यांचे पैसे पडतातच, तेव्हा त्या दिवशीही एस्टिमेट मागा. करही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता.

जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहा: ‘फोन करून विचारल्याशिवाय जादा काम करू नये. जुने पार्ट डिकीत ठेवावेत.’ दुपारी फोन येतोच, “सर, ब्रेक पॅड संपत आलेत.” तेव्हा किती मिलिमीटर उरलेत ते विचारा आणि फोटो मागवा. खरंच संपले असतील तर फोटो लगेच येतो.

शक्यतो शनिवार टाळा. शनिवारी अ‍ॅडव्हायझरकडे इतक्या गाड्या असतात की तुमच्यासोबत गाडीभोवती एक फेरी मारायलाही त्याला वेळ नसतो. मंगळवार-बुधवारी जा, फेरी मारा, काच-पत्र्यावरचे ओरखडे, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा कार्डावर नोंदवून घ्या. आणि त्या मुलावर आवाज चढवू नका. आकडा त्याने ठरवलेला नसतो.

वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत सेंटरलाच, वेळेत, आणि प्रत्येक बिल जपून. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तरीही तसंच. वॉरंटी संपल्यावर ओळखीचा चांगला गॅरेजवाला असेल तर साधं ऑइल-फिल्टरचं काम त्याच्याकडे खुशाल द्या, फक्त मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घालायला सांगा. न सांगितलेलं काम बिलात लावलं तर आधी सर्व्हिस मॅनेजरला लेखी द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, परत घाला आणि बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मग मॅन्युअलमध्ये दिलेली ऑइलची लिटर क्षमता आणि बिलावरचे लिटर शेजारी ठेवून ताडून पाहा. आत्या आता हे स्वतः करते, आणि आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते.