स्टोअर्ड प्रोसिजर एका डेटाबेसवरून दुसरीकडे नेताय? या चुका टाळा

स्टँडर्ड आहे म्हणजे कोड तसाच चालेल, हा समज आधी डोक्यातून काढा. स्टोअर्ड प्रोसिजरच्या, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडच्या, भाषेचं एसक्यूएल/पीएसएम हे स्टँडर्ड १९९६ मध्ये आलं, तोवर ओरॅकलचं पीएल/एसक्यूएल आणि सायबेसचं ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल या त्या त्या डेटाबेसच्या भाषा लोकांच्या हातात रुळल्या होत्या, मग कोण कशाला बदलणार. मायएसक्यूएल आणि डीबी२ स्टँडर्डच्या बऱ्यापैकी जवळ आहेत, पोस्टग्रेसचं पीएल/पीजीएसक्यूएल मात्र ओरॅकलच्या वळणाचं.

सिंटॅक्सच्या एररला घाबरू नका, त्या दिसतात तरी. घात करतं ते एरर न देता वेगळं वागणारं. सिलेक्ट इन्टूला (क्वेरीचा निकाल व्हेरिएबलमध्ये भरणारं स्टेटमेंट) एकही रो मिळाली नाही तर ओरॅकल नो डेटा फाउंड ही एरर फेकतं, पोस्टग्रेस गुपचूप व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) टाकून पुढे जातं, म्हणून तिथे इन्टूपुढे स्ट्रिक्ट लिहायचंच. मायएसक्यूएलमध्ये तर नुसती वॉर्निंग येते आणि व्हेरिएबलची जुनी व्हॅल्यू तशीच राहते, म्हणजे लूपमध्ये असाल तर मागच्या ग्राहकाचा बॅलन्स पुढच्याच्या नावावर!

मायएसक्यूएलमध्ये कर्सरचा (एकेक रो घेत जाणारा) लूप मध्येच थांबतोय, निम्म्याच रो प्रोसेस होतायत? नॉट फाउंडचा हँडलर, म्हणजे रो न मिळाल्यावर चालणारा कोड, बघा. तो फक्त फेचसाठी (कर्सरमधून पुढची रो घेण्यासाठी) आहे असं आपण धरून चालतो, पण आतल्या सिलेक्ट इन्टूला रो नाही मिळाली तरी तोच पेटतो आणि लूप संपल्याचं सांगणारा डनचा फ्लॅग ट्रू होतो. आतल्या क्वेरीला वेगळा बिगिन-एन्ड ब्लॉक आणि स्वतःचा हँडलर द्या, आणि क्वेरीआधी व्हेरिएबल नल करा.

व्हेरिएबलला कॉलमचंच नाव देऊ नका. वेअर आयडी = आयडी लिहिलं की मायएसक्यूएल दोन्हीकडे व्हेरिएबल धरतं, ओरॅकल दोन्हीकडे कॉलम, म्हणजे अट कायम खरी, आणि डिलीट असेल तर अख्खं टेबल साफ होऊ शकतं. पोस्टग्रेस निदान अँबिग्युअस म्हणून अडवतं. मी पॅरामीटरला कायम पी अंडरस्कोर लावतो.

ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल, बाकीकडे नाही. ओरॅकलमध्ये नल जोडला तरी स्ट्रिंग टिकते, पोस्टग्रेसमध्ये दोन पाइप (||) वापरून जोडलेलं अख्खं नाव नल होतं, तिथे कन्कॅट वापरा.

आणि पोस्टग्रेस १४ मध्ये फंक्शनची बॉडी लिहायची स्टँडर्ड पद्धत, बिगिन अ‍ॅटॉमिक, आलीय म्हणून पीएसएम आलं असं समजू नका, त्यात साधी एसक्यूएल स्टेटमेंट चालतात, इफ आणि लूप नाहीत.

टेस्ट करताना रो न मिळणारी केस प्रत्येक सिलेक्ट इन्टूसाठी मुद्दाम चालवा, नेहमीच्या डेटावर यातलं काहीच दिसत नाही.