डोळ्याच्या नसेला सूज: अँटिबॉडी चाचणीच्या वेळी या चुका टाळा

एका डोळ्याला दोन-चार दिवसांत अंधुक दिसायला लागतं, डोळा फिरवला की दुखतं, लाल रंग फिका वाटतो. डॉक्टर ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, असल्याचं सांगतात आणि चिठ्ठीवर दोन रक्तचाचण्या लिहितात: अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग. शरीराच्याच प्रथिनांवर हल्ला करणाऱ्या या नावांच्या अँटिबॉडी रक्तात आहेत का, हे त्यातून कळतं.

सगळ्यात महागात पडते ती रिपोर्टची वाट बघत उपचार लांबवण्याची चूक. अ‍ॅक्वापोरिन-४ निघणार असेल तर तेवढ्या दिवसांत नस कायमची वाळू शकते. त्यामुळे रक्त द्यायचं आणि डॉक्टरांनी संसर्गाची शंका दूर केली की रिपोर्टसाठी न थांबता शिरेतून स्टेरॉइड सुरू करायचं. क्रम उलटा मात्र नको. प्लाझ्मा बदलण्याचा उपचार झाल्यावर नमुना घेतला, तर अँटिबॉडी रक्तातून निघून गेलेल्या असतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सुईची भीती वाटते म्हणून नुसत्या गोळ्यांचा आग्रहही धरू नका. अमेरिकेतल्या उपचारांच्या १९९२ च्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या डोसच्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्याच घेतलेल्यांना सूज जास्त वेळा पुन्हा आली होती.

रिपोर्ट आला की आपण फक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच बघतो. जरा खाली ‘पद्धत’ ही ओळ वाचा. तिथे सेल-बेस्ड (जिवंत किंवा जतन केलेल्या पेशींवर केलेली चाचणी) असं लिहिलेलं हवं; मॉगसाठी एलायझा ही दुसरी पद्धत भरवशाची नाही. टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण दाखवणारा आकडा, तोही बघा. १:१० सारखा अगदी कमी आकडा दुसऱ्याच आजारातही येऊ शकतो. अशा वेळी लक्षणं आणि एमआरआय जुळतात का, हे न्यूरोलॉजिस्टना विचारा.

निगेटिव्ह आला म्हणून फाइल कपाटात टाकू नका. दोन्ही डोळे एकदम गेले असतील, नजर नीट परतली नसेल किंवा सूज पुन्हा आली असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी चाचणी परत करून घ्यावी.

मॉगच्या रुग्णांची नजर बहुतेकदा छान परतते, आणि घात तिथेच होतो. बरं वाटलं, वजन वाढलं, चेहरा सुजला म्हणून घरीच स्टेरॉइड बंद केलं जातं आणि डोस उतरताच सूज पुन्हा उसळते. हे बघताना फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. डोस डॉक्टरांच्या वेळापत्रकानेच उतरवा. अ‍ॅक्वापोरिन-४ पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या झटक्यानंतरच प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं. रितुक्सिमॅब, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट ही त्यातली नेहमीची नावं. पुढचा झटका पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही येऊ शकतो, म्हणून डोळा बरा वाटला तरी ते सोडू नये.

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि नसांचा वेगळा आजार) समजून त्याची इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड ही औषधं सुरू होणार असतील, तर आधी हे दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा. अ‍ॅक्वापोरिन-४ असलेल्या रुग्णात या औषधांनी आजार उलट बळावू शकतो.